घोड्यांची वाट सोडून हॅमॉक बांधा: कंबरलँड बेटावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, फ्लोरिडाच्या हद्दीला अगदी लागून, कंबरलँड नावाचं लांबट बेट आहे. उत्तर-दक्षिण लांबी साडेसतरा मैल, म्हणजे सुमारे २८ किलोमीटर. जमिनीला जोडणारा पूल नाही, दुकान नाही, आणि एक खासगी अतिथिगृह सोडलं तर राहायला छप्परही नाही. १९७२ साली हे बेट राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखीव झालं. १९८२ साली त्याच्या उत्तरेकडच्या मोठ्या भागाला 'विल्डरनेस'चा, म्हणजे माणसाने ढवळाढवळ न करता राखायच्या रानाचा, कायदेशीर दर्जा मिळाला. इथे पुळणीवर, खाजणात आणि ओकच्या राईत सुमारे दीडशे घोडे मोकळे हिंडतात. त्यांना कोणी दाणापाणी घालत नाही, नाल ठोकत नाही, आजारी पडले तर डॉक्टर बोलवत नाही.

घोड्यांची बेटं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणखीही आहेत. मेरीलँड-व्हर्जिनियामधलं असाटीग त्यात सगळ्यांत प्रसिद्ध. पण तिथे बहुतेक तळ उघड्या वाळूवर आहेत. तिथे तंबूच घेऊन जावा. कंबरलँडवर मात्र वाळूच्या टेकड्यांच्या लगेच मागे लाइव्ह ओक या सदाहरित ओकची दाट राई सुरू होते आणि बेटाच्या मध्यापर्यंत पसरते. हॅमॉकवाल्यांना, म्हणजे दोन झाडांमध्ये कापडी झोळी टांगून झोपणाऱ्यांना, आणखी काय हवं?

अटलांटा, जॅक्सनव्हिल, शार्लट, ओरलँडो या भागांत राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना सह्याद्रीत गुहेत, देवळात, गडावरच्या पडवीत झोपायची सवय असते, पण हॅमॉकमध्ये रात्र काढलेली नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हॅमॉकमधल्या झोपेचं निम्मं यश दोन झाडं निवडण्यात असतं, आणि या बेटावर झाडं निवडण्याआधी घोड्यांची वाट शोधायची असते. बाकीचं सगळं सामान पैसे टाकून मिळतं.

महिना ठरवा

पहिल्या खेपेला नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात हा काळ धरा. उन्हाळ्यात तापमान ३२ अंशांच्या वर जातं, हवा दमट असते, डास आणि गोचिडी भरपूर. शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. २०१६ साली मॅथ्यू आणि २०१७ साली इर्मा या वादळांनी या किनाऱ्याला चांगलाच तडाखा दिला होता. वसंत आणि शरद सुंदर असतात, पण तेव्हाच चिलटांचाही जोर असतो. हिवाळ्यात रात्री ५ अंशांच्या आसपास उतरतात. ती थंडी सामानाने निभावता येते, चिलटं निभावणं जास्त अवघड.

दोन गोष्टी मात्र आधी पाहून घ्या. हिवाळ्यात बोट आठवड्यातले काही वार बंद असते. आणि थंडीच्या दिवसांत बेटावर ठरावीक तारखांना परवानाधारकांची शिकार चालते, त्या वेळी रानातले तळ बंद ठेवतात. दोन्हींच्या तारखा उद्यानाच्या संकेतस्थळावर मिळतात.

बुकिंग दोन, एक नव्हे

नवखी माणसं इथेच फसतात. तळाची जागा एकीकडे आरक्षित करायची असते आणि बोटीचं तिकीट दुसरीकडे. एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही. तळाचं आरक्षण सरकारच्या 'रिक्रिएशन डॉट गव्ह' या संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडतं आणि लांब सुट्टीच्या तारखा पटापट जातात. आधी तळ धरा आणि त्याच बैठकीत बोट. बेटावर दिवसाला साधारण ३०० माणसांनाच येऊ देतात, त्यामुळे 'तिथे जाऊन बघू' हा आपला नेहमीचा हिशेब इथे लागू नाही. सलग सात रात्रींपेक्षा जास्त राहता येत नाही.

बोट सेंट मेरीज या छोट्या गावातून सुटते आणि पाऊण तासात बेटावर पोचवते. जॅक्सनव्हिलहून गाव तासाभराच्या अंतरावर आहे. अटलांटाहून गाडीने साडेपाच-सहा तास लागतात, म्हणून सकाळची बोट असेल तर आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला या. बोटीत पाळीव प्राणी नेता येत नाहीत. सामान जेवढं एका दमात उचलता येईल तेवढंच घ्या, कारण धक्क्यावर हमाल नाही.

कुठल्या तळावर उतरायचं

पहिल्यांदा जात असाल तर सी कॅम्प. धक्क्यापासून हा तळ अर्ध्या मैलाच्या आसपास आहे आणि सामान ओढायला हातगाड्या मिळतात. पिण्याचं पाणी, संडास, गार पाण्याचे शॉवर, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि अन्न ठेवायला बंद कपाट, हे सगळं आहे. प्रत्येक जागेभोवती सॉ पामेटो या बुटक्या, पंख्यासारख्या पानांच्या ताडाची दाट झुडपं आहेत, त्यामुळे शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही. वर ओकच्या फांद्यांचं छत. लाकडी पायवाटेने पाच मिनिटं चाललं की समुद्र.

दुसऱ्या खेपेला स्टॅफर्ड बीच. धक्क्यापासून साडेतीन मैल पायी. पाणी, संडास आणि शॉवर तिथेही आहेत, पण सामान पाठीवरून न्यावं लागतं. त्याच्या पुढे हिकरी हिल, यांकी पॅराडाइज आणि ब्रिकहिल ब्लफ हे रानातले तळ अनुक्रमे साडेपाच, साडेसात आणि साडेदहा मैलांच्या आसपास लागतात. तिथे शेकोटीला बंदी आहे, संडास नाही आणि विहिरीचं पाणी गाळून किंवा उकळूनच प्यायचं. ब्रिकहिल ब्लफ खाजणातल्या वळणदार खाडीच्या काठावर आहे आणि हॅमॉकसाठी मला बेटावरची सगळ्यांत आवडती जागा तीच. पण तिथे पोचायला सॅकसह अख्खा दिवस लागतो, आणि हॅमॉक बांधायची सवय नसताना अंधार पडता पडता तिथे पोचणं त्रासाचं आहे. थोडं थांबा.

सामान: काय घ्यावं, काय टाळावं

बाजारात मिळणारा दोन टोकांना लाकडी दांड्या असलेला जाळीचा हॅमॉक घेऊ नका. तो बागेत दुपारी पेपर वाचायला ठीक आहे. रात्री कूस बदलताना तो सरळ उलटतो. दोन्ही टोकं चुणून एकत्र आणलेला, पातळ नायलॉनचा, किमान १० फूट लांबीचा हॅमॉक घ्या. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर ११ फुटी. सव्वानऊ फुटांच्या स्वस्त हॅमॉकमध्ये पाय आखडतात आणि गुडघ्यांवर ताण येतो.

झाडाला बांधायला पट्टे हवेत, दोर नको. पट्टा पॉलिस्टरचा, किमान १ इंच रुंद. २ इंच असेल तर आणखी चांगलं. बारीक दोर सालीत रुततो आणि सालीखालचा जिवंत थर चिरडतो. नायलॉनचा पट्टा दमट हवेत ताणून लांबतो, मग रात्री अकराला बांधलेली उंची पहाटे राहत नाही. झाडाला खिळा, स्क्रू किंवा हूक अजिबात नको.

वर ताडपत्री हवी. तिचा मधला कणा हॅमॉकच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे किमान सहा इंच जास्त असावा. म्हणजे ११ फुटी हॅमॉकला १२ फुटी ताडपत्री. मच्छरदाणी घेताना जाळीची वीण बघा. नेहमीच्या मच्छरदाणीतून डास अडतो, पण इथली चिलटं इतकी बारीक असतात की ती आरामात आत येतात. अमेरिकेत त्यांना 'नो-सी-अम' म्हणतात आणि त्याच नावाची अतिबारीक जाळी मिळते. ती मागून घ्या.

वाळूत नेहमीच्या बारीक मेखा टिकत नाहीत. लांब, रुंद पात्याच्या मेखा घ्या. नसतील तर एक जुना उपाय आहे: वीतभर जाडसर वाळलेल्या काटकीच्या मध्यावर दोरी बांधा, काटकी फूटभर खोल आडवी पुरा आणि वर वाळू दाबून भरा. ही मेख वाऱ्यात उपटत नाही.

घरी सराव

जाण्याआधी जवळच्या पार्कात, परवानगी असेल तिथे, हॅमॉक बांधून तासभर पडून बघा. नंतर हेडटॉर्चच्या उजेडात एकदा बांधा. ताडपत्री अंधारात, वाऱ्यात, एकट्याने ताणता आली पाहिजे. तेवढं जमलं की बेटावर चिंता नाही.

दापोली-हर्णैकडच्या सुरूच्या बनात ज्यांनी कधी हॅमॉक टांगला असेल त्यांना एक सांगणं आहे. सुरू सरळ खांबासारखा वाढतो, कुठेही पट्टा गुंडाळला तरी चालून जातं. लाइव्ह ओक तसा नाही. त्याचं खोड वाकडं, फांद्या आडव्या पसरत जमिनीपर्यंत आलेल्या, बुंधा कधी कवेत न मावणारा. लांब पट्टे घ्या, एकेक पट्टा किमान १० फूट.

धक्क्यावर उतरल्यावर

तळावर राहणाऱ्यांनी आधी रेंजरकडे नोंद करायची असते. तिथे नियम समजावून सांगतात. लक्ष देऊन ऐका आणि तिथेच विचारा: आमच्या जागेवर हॅमॉक कुठल्या झाडांना बांधलेला चालेल? कुठल्या फांद्या अलीकडे पडल्यात? घोडे सध्या कुठल्या वाटेने येतात? हे शेवटचं उत्तर त्यांच्याइतकं नेमकं कोणाकडेच नसतं.

दोन झाडं

जागेवर पोचलात की सॅक खाली ठेवा आणि काही न सोडता दहा मिनिटं नुसतं फिरा. आधी वर बघा. लाइव्ह ओकचं लाकूड अतिशय जड असतं आणि त्याच्या वाळलेल्या फांद्या वारा नसतानाही खाली येऊ शकतात. पान नसलेली, साल सुटलेली किंवा दुसऱ्या फांदीवर अडकून राहिलेली फांदी डोक्यावर असेल तर ती जागा बाद. आजूबाजूला वठलेला पाइन उभा असेल तर त्याच्या उंचीइतकं अंतर सोडा.

मग खाली बघा. घोड्यांच्या वाटा वाळूत स्पष्ट कळतात. दीड-दोन फूट रुंदीचा दबलेला पट्टा, त्यावर खुरांचे गोल ठसे, कडेची गवतं आणि कोवळी पानं एका उंचीवर कुरतडलेली. लीद एकाच जागी थरावर थर साचलेली दिसली तर ती नराची खूण. नर घोडे त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा लीद टाकून आपली हजेरी लावतात, आणि अशी रास बहुधा वापरातल्या वाटेवरच असते. खालचे थर भुरे, कोरडे आणि वरचा हिरवट, ओलसर असेल तर वाट आजही चालू आहे. तिथून लांब व्हा. घोडे पाण्याकडे, खाजणाकडे आणि पुळणीकडे रोज त्याच वाटांनी जातात, रात्रीसुद्धा. तुमचा हॅमॉक किंवा ताडपत्रीची दोरी त्या वाटेत आडवी आली तर अंधारात पाय अडकेल. बिथरलेला घोडा आणि दोरीत गुंतलेला माणूस, दोघांच्याही हाडांचा प्रश्न आहे.

आता झाडं निवडा. दोघांत साधारण १३ ते १५ फूट अंतर, बुंधा किमान मांडीएवढा जाड, जिवंत आणि पक्का. खोडाला जोरात खांदा लावून बघा. खोड डुलत असेल तर ते सोडा. ओकच्या खोडावर आणि फांद्यांवर एक छोटं नेचं वाढतं. पाऊस नसताना ते वाळून तपकिरी, गुंडाळलेलं दिसतं आणि मेलं आहे असं वाटतं, पण एक सर आली की काही तासांत हिरवंगार उलगडतं. पट्टा त्याच्यावरून जाऊ देऊ नका, उघडी साल शोधा. फांद्यांवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस ओढून काढू नका. उशी करायलाही नको, त्यात किडे असतात.

वाळूच्या टेकड्यांवर किंवा त्यांच्या उतारावर काहीच बांधायचं नाही. तिथलं 'सी ओट्स' नावाचं उंच गवत वाळू धरून ठेवतं आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

बांधणी

पट्टा झाडाभोवती गुंडाळा, साधारण तुमच्या डोक्याच्या उंचीवर. झाडं लांब असतील तर आणखी वर. हॅमॉक अडकवा आणि रिकामा असतानाच बघा. तो हसऱ्या ओठांसारखा खाली झुकलेला दिसला पाहिजे. नवखा माणूस हमखास तो ताणून, जवळजवळ आडवा बांधतो, आणि मग रात्रभर दोन्ही बाजूंचं कापड खांद्यांना आवळत राहतं.

पट्ट्याचा आडव्या रेषेशी कोन ३० अंशांच्या आसपास हवा. मोजायला हात पुरतो: तर्जनी आडवी धरा, अंगठा सरळ उभा करा. पट्टा दोन्हींच्या टोकांना टेकत गेला की कोन साधारण बरोबर आहे. हा कोन नुसत्या आरामासाठी नाही. ७० किलोच्या माणसाचा हॅमॉक ३० अंशांत बांधला तर प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोचा ताण येतो. तोच १० अंशांत ताणला तर ताण २०० किलोवर जातो. पट्टे, कापड आणि झाड तिघांनाही तो सोसावा लागतो.

बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे खुर्चीच्या उंचीवर यायला हवं. त्याहून उंच नको. पायाकडची बाजू डोक्याकडच्या बाजूपेक्षा वीतभर वर ठेवा, नाहीतर रात्री घसरत मध्यभागी गोळा व्हाल.

रोज ठरावीक झुकाव मिळावा म्हणून दोन्ही टोकांमध्ये एक बारीक, न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवतात. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के. ११ फुटी हॅमॉकला ती नऊ फूट दीड इंच येते. एकदा ही दोरी बसवली की झाडांमधलं अंतर थोडं कमीजास्त झालं तरी झोपण्याचा आकार तोच राहतो. हेडटॉर्च आणि चष्म्याची पिशवी तिच्यावरच लटकवा.

पहिल्यांदा बसताना आधी हाताने वजन टाका, मग हळूच बसा, मग आडवे व्हा. आणि आडवं म्हणजे खरोखर तिरकं: डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे, पाय उजवीकडे, किंवा उलट. असं झोपलं की कापड सपाट होतं, पाठ सरळ राहते आणि कुशीवरही झोपता येतं. मधोमध सरळ झोपणाऱ्याची पाठ केळ्यासारखी वाकते. हॅमॉकमध्ये कंबर दुखते अशी तक्रार करणारे बहुतेक जण असेच झोपलेले असतात.

ताडपत्री हॅमॉकच्या वर वीत-दीड वीत अंतर ठेवून ताणा. वारा बहुधा समुद्राकडून येतो, तिकडची बाजू खाली उतरवा. पट्ट्यावरून पाणी ओघळत हॅमॉकमध्ये येऊ नये म्हणून ताडपत्रीच्या आतल्या बाजूला, पट्ट्यावर सुताचा एक तुकडा बांधून लोंबता सोडा. पाणी त्यावरून खाली गळून जातं. ताडपत्रीच्या प्रत्येक दोरीला पांढऱ्या कापडाची चिंधी किंवा चमकणारी पट्टी बांधा. ती घोड्यांसाठी आहे, आणि रात्री उठणाऱ्या तुमच्या सोबत्यांसाठीही.

पाठीची थंडी

स्लीपिंग बॅग कितीही महाग असली तरी अंगाखाली ती दबते आणि दबलेला कापूस किंवा पिसं ऊब धरत नाहीत. वरून घाम आणि पाठीला गारठा, असं होतं. तापमान २० अंशांच्या खाली गेलं की हे जाणवायला लागतं. उपाय दोन. हॅमॉकच्या बाहेरून खाली लटकवायची रजई मिळते, तिला अंडरक्विल्ट म्हणतात. ती उत्तम, पण महाग. दुसरा उपाय म्हणजे ट्रेकला वापरतो ती फोमची कॅरीमॅट हॅमॉकमध्ये अंथरायची. ती थोडी सरकते, पण पहिल्या खेपेला तेवढ्यावर भागतं. अंडरक्विल्ट लावलीत तर ती पाठीला हलकेच टेकते आहे ना, हे सोबत्याला हात घालून बघायला सांगा. मध्ये पोकळी राहिली तर तिचा उपयोग शून्य.

घोडे

हे घोडे मूळचे रानटी नव्हेत. माणसांनी आणलेल्या घोड्यांचे हे वंशज. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात सोडलेले घोडे ते हेच, अशी कथा सगळे सांगतात. पण जनुकीय तपासणीत त्यांचं नातं अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या अलीकडच्या जातींशी जास्त जवळचं निघालं. बेटावर कार्नेगी या धनाढ्य उद्योगपती घराण्याची मोठी जमीन होती आणि त्यांच्या काळातही इथे घोडे आणले गेले. खाजणातलं खारट गवत हे त्यांचं मुख्य खाणं. ते निकस असतं, परजीवी असतात, दलदल असते. दिसायला हे घोडे देखणे असले तरी त्यांचं आयुष्य कष्टाचं आहे, आणि पाळीव घोड्यापेक्षा ते बरंच लवकर संपतं. त्यांच्या चरण्याने खाजण आणि वाळूच्या टेकड्या झिजतात हेही खरं. बेटावर घोडे असावेत की नसावेत, हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं. पण पाहुणा म्हणून आपलं काम त्यांचं आयुष्य आणखी अवघड न करणं एवढंच आहे.

अंतर २५ यार्ड, म्हणजे दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्यावर होईल तेवढं. घोडा स्वतःहून जवळ आला तर आपण मागे सरायचं. कान मागे पडले, शेपटी फटकारली, मान खाली घालून तो तुमच्याकडे वळला, तर त्याला आधीच राग आलेला आहे. वसंतात घोडीबरोबर शिंगरू असतं. दोघांच्या मध्ये कधीही जायचं नाही. कळपाच्या मागे चालणारा नर सगळ्यांत सावध असतो आणि लाथेला तोच पुढे. फोटोसाठी हात पुढे करून गवत दाखवणं, सफरचंद देणं, चुचकारणं हे काहीच नको. खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे. माणसाच्या हातून खायची सवय लागलेला घोडा पुढे कुठल्यातरी मुलाला चावतो.

रात्री ते तळावर आले तर? बहुधा आधी आवाज येतो: गवत दातांनी उपटल्याचा करकर आवाज, मध्येच नाकातून फुरफुर. टॉर्चचा झोत तोंडावर मारू नका, ओरडू नका. हॅमॉकमध्ये पडून राहा. ते चरत पुढे जातात. त्यांची वाट सोडून बांधलं असेल तर तुमच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. आणि झुडपात कोणीतरी मोठं जनावर धडपडतंय असं वाटलं, तर ते बहुतेक वेळा मांजराएवढं, अंगावर कवच असलेलं आर्माडिलो निघतं. वाळलेल्या पामेटोच्या पानांत ते घोड्यापेक्षा जास्त आवाज करतं.

अन्न आणि रॅकून

अन्नाला खरा धोका रॅकूनपासून. त्यांना पिशवीची चेन उघडता येते. अन्न, टूथपेस्ट, साबण, कचरा, सगळं तळावरच्या कपाटात बंद करा. रानातल्या तळावर झाडाला उंच टांगा. हॅमॉकमध्ये राजगिऱ्याची वडीसुद्धा नको.

दुकान नसल्यामुळे शिधा मोजून न्या. भाजून ठेवलेल्या रव्याचा उपमा, दडपे पोहे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मेतकूट-भात, हे सगळं हलकं आणि टिकाऊ. फोडणी घरीच करून पूड स्वरूपात नेलीत तर तळावर तेलकट भांडी घासावी लागत नाहीत. विमानाने येत असाल तर गॅसची कुपी विमानात चालत नाही, ती सेंट मेरीजला येण्याआधी वाटेत विकत घ्या. बेटावर कचऱ्याची सोय नाही. संत्र्याच्या सालीपासून सगळं आपल्याबरोबर परत आणायचं.

चिलटं, गोचिडी, साप

लांब बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक घरीच फवारून वाळवून घ्या, अंगाला नेहमीचं डासांचं औषध. पट्ट्यांवरही थोडं परमेथ्रिन मारा, कारण मुंग्यांना हॅमॉकपर्यंत यायला तोच रस्ता असतो. संध्याकाळी अंगावर गोचीड शोधा: गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली, कानामागे. मिळाली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा.

बेटावर रॅटलस्नेक हे विषारी साप आहेत, गोड्या पाण्याच्या तळ्यांत मगरींसारखे अॅलिगेटर आहेत. पामेटोच्या झुडपात पाय घालू नका. अंधारात हॅमॉकमधून उतरण्याआधी खाली टॉर्च मारा. बूट हॅमॉकखाली उलटे ठेवा, किंवा पिशवीत घालून वरच्या दोरीला अडकवा.

दिवसा

दक्षिण टोकाला डंजनेस या कार्नेगींच्या वाड्याचे अवशेष आहेत. १९५९ साली तो जळाला, विटांच्या भिंती आणि धुराडी उभी आहेत. समोरच्या हिरवळीवर घोडे बहुतेक सकाळी चरताना दिसतात. लांबून फोटो काढायला ही बेटावरची सगळ्यांत सोपी जागा. उत्तर टोकाला 'द सेटलमेंट' ही गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांची वस्ती होती. तिथलं १८९३ साली स्थापन झालेलं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च अजून आहे. तिथपर्यंत पायी जाऊन एका दिवसात सी कॅम्पला परतणं जमणार नाही, वेगळा बेत करा.

मे ते सप्टेंबरमध्ये गेलात तर पुळणीवर लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात. वेळासला कासव महोत्सव पाहिलेल्यांना हे सांगायला नको, पण रात्री किनाऱ्यावर पांढरा टॉर्च लावायचा नाही.

निघताना

परतीच्या बोटीच्या तीन तास आधी आवरायला लागा. आधी हॅमॉक उतरवा, ताडपत्री सगळ्यांत शेवटी. पाऊस आला तरी बाकीचं सामान कोरडं राहतं. पट्टे काढल्यावर दोन्ही खोडांना हात लावून बघा: साल सोललेली, दबलेली वाटली तर पुढच्या वेळी आणखी रुंद पट्टा घ्यायचा. पुरलेल्या काटक्या आणि दोऱ्या उकरून काढा, खड्डे बुजवा. वाळूत राहिलेला दोरीचा फास घोड्याच्या पायात जातो.

शेवटची बोट चुकली तर परत जायला स्वतःच्या खर्चाने खासगी बोट बोलवावी लागते. स्टॅफर्ड किंवा त्यापुढच्या तळावर असाल तर सॅकसह मैलाला अर्धा तास धरा, त्यावर एक तास जादा ठेवा आणि त्या हिशेबाने तळ सोडा.